वजन नसलेलं घड्याळ

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एककं आणि मापनाचा धडा अगदी सुरुवातीला असतो. त्यात मितीय विश्लेषण आलं की एक प्रश्न ठरलेला: गुरुत्वस्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लँकचा स्थिरांक हे तिघं वापरून लांबीची मिती असलेली राशी तयार करा. मुलं घातांकांची तीन समीकरणं मांडतात, सोडवतात, वर्गमुळाखाली उत्तर लिहितात आणि पुढच्या गणिताला लागतात. फार तर तीन मार्कांचं काम. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना मीही ते असंच उरकत आलो. ही लांबी नेमकी कशाची, असं सहसा कोणी विचारत नाही, कारण ते परीक्षेला नसतं. आणि विचारलंच, तर तास संपता संपता सांगण्यासारखं ते उत्तर नाही. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

आकडे घातले की ही लांबी भरते १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. म्हणजे दशांश चिन्हापुढे ३४ शून्यं आणि मग १६. (दोन पायनं भागायचं की नाही हा तपशील सोडून देऊ.) तेच तीन स्थिरांक वेगळ्या तऱ्हेनं जुळवले की एक काळ मिळतो, ५.४ गुणिले १० चा उणे ४४ वा घात सेकंद. आणखी वेगळ्या तऱ्हेनं जुळवले की एक वस्तुमान मिळतं, सुमारे २२ मायक्रोग्रॅम. हे वस्तुमान लक्षात असू द्या, ते पुढे लागणार आहे.

ही एककं मॅक्स प्लँकनं १८९९ च्या मे महिन्यात मांडली. तोवर क्वांटम सिद्धांत जन्मलाही नव्हता, तो आला पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. आइन्स्टाइन झुरिकमध्ये वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तापलेल्या वस्तूंच्या प्रारणाचा अभ्यास करताना प्लँकच्या हाती एक नवा स्थिरांक लागला होता, आणि त्याला वाटलं, आता मीटर-सेकंदासारख्या माणसानं ठरवलेल्या मापांची गरज नाही. सर्व काळी, सर्व संस्कृतींना, अगदी परग्रहावरच्यांनाही चालतील अशी मापं बनवता येतील. त्याच्या लेखी ती एक सोय होती. या मापांशी निसर्गाचं काही खास बिनसतं, हे कळायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली.

क्वांटम गुरुत्वाकर्षणाबद्दल लिहिताना आपल्याकडे, आणि बाहेरही, एक ठरीव कथा सांगतात. आइन्स्टाइनची व्यापक सापेक्षता, म्हणजे गुरुत्वाकर्षण हे अवकाश-काळाचं वाकणं मानणारा सिद्धांत, ताऱ्यांचा संसार सांभाळते, क्वांटम सिद्धांत अणूंचा, दोघांचं पटत नाही, आणि शास्त्रज्ञ दोघांचं लग्न लावून द्यायला धडपडतायत. मला ही कथा पहिल्यापासून खटकते. तिच्यात दोन्ही सिद्धांत आहेत तसेच राहतात, फक्त एका घरात नांदायला लागतात. प्रत्यक्षात प्रश्न आहे तो दोघांनीही आजवर न भरलेल्या एका हिशेबाचा. दोघांनीही एक घड्याळ फुकट वापरलंय. त्या घड्याळाला वजन नाही.

व्यापक सापेक्षतेत अवकाश-काळाच्या प्रत्येक बिंदूवर एक घड्याळ ठेवलंय असं धरतात. हे घड्याळ हवं तितकं लहान, हवं तितकं अचूक, आणि इतकं हलकं की त्याच्यामुळे अवकाश-काळ जराही वाकत नाही. त्याला क्वांटमचे नियम लागू नाहीत. क्वांटम सिद्धांतात घड्याळ एकच असतं आणि ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर, सगळ्या खेळाच्या बाहेर. इलेक्ट्रॉनची जागा अनिश्चित, त्याचा संवेग अनिश्चित, पण समीकरणातला काळ मात्र अगदी न्यूटनच्या काळासारखा एकसुरी पुढे सरकतो. त्याला गुरुत्वाकर्षण लागू नाही. एकाचं घड्याळ क्वांटममुक्त, दुसऱ्याचं गुरुत्वमुक्त. जगातलं कुठलंही खरं घड्याळ यांपैकी काहीही नसतं.

खरं घड्याळ घेतलं तर काय होतं हे बारावीच्या भौतिकशास्त्रावर समजतं. फार छोटा कालावधी मोजायचा तर घड्याळाच्या ऊर्जेत मोठी अनिश्चितता असावी लागते, हे हायझेनबर्गचं म्हणणं, म्हणजेच अनिश्चिततेचं तत्त्व. ऊर्जा म्हणजे वस्तुमान, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. म्हणजे घड्याळ जितकं बारीक, तितका त्याच्या वजनाचा पसारा मोठा. शिवाय ते लहानही हवं, कारण प्रकाशाला त्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायला लागणारा वेळ मोजायच्या वेळेपेक्षा कमी असायला हवा. थोडक्यात, इवल्याशा जागेत अधिकाधिक ऊर्जा कोंबत जायचं. एका टप्प्यावर ते घड्याळ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं कोसळतं, कृष्णविवर होतं, आणि त्याचे काटे वाचायला कोणी उरत नाही. हा टप्पा कुठे येतो याचं गणित मांडलं की उत्तर येतं ५.४ गुणिले १० चा उणे ४४ वा घात सेकंद. प्लँकचा काळ. हे काढायला क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा कुठलाही नवा सिद्धांत लागत नाही. आहेत ते दोन प्रामाणिकपणे एकत्र वापरले की पुरे.

ते तसे एकत्र वापरले गेल्याचा एक प्रसिद्ध प्रसंग आहे. १९३० सालची ब्रुसेल्सची सोल्व्हे परिषद, भौतिकशास्त्रज्ञांची. आइन्स्टाइननं क्वांटम सिद्धांताचा खंदा समर्थक नील्स बोर याच्यापुढे एक पेटी मांडली, अर्थात कल्पनेतली. आत प्रकाश कोंडलेला, एका बाजूला झडप, आणि झडप ठरल्या क्षणी उघडून मिटणारं घड्याळ. एक फोटॉन बाहेर सोडायचा. वेळ घड्याळ सांगेल. ऊर्जा काढायची तर पेटीचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं. फरकाला प्रकाशवेगाच्या वर्गानं गुणलं की झालं. वेळही अचूक, ऊर्जाही अचूक, आणि अनिश्चिततेच्या तत्त्वाचा निकाल लागला. बोरची ती रात्र वाईट गेली असं त्या वेळी तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. सकाळी तो उत्तर घेऊन आला. पेटीचं वजन करायचं तर ती स्प्रिंगला टांगावी लागेल, आणि टांगलेली पेटी थोडी वर-खाली होणारच. मग पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्रात घड्याळाची उंची अनिश्चित. आणि उंचीप्रमाणे घड्याळाची गती बदलते, हे तर खुद्द आइन्स्टाइनचं व्यापक सापेक्षतेतलं सूत्र. ते वापरलं की वेळेतली अनिश्चितता नेमकी हवी तेवढी निघते.

ही गोष्ट सांगताना सगळे बोरच्या हजरजबाबीपणाला दाद देतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. अनिश्चिततेचं तत्त्व वाचवायला व्यापक सापेक्षता का लागावी? ते तर अणूंबद्दलचं तत्त्व. गुरुत्वाकर्षणाचा एक नियम वगळला की क्वांटम सिद्धांत डळमळतो, याचा अर्थ दोघं आधीपासूनच एकमेकांत अडकलेले आहेत. घड्याळ वजनकाट्यावर चढवलं आणि लगेच ते दिसून आलं. जॉर्ज गॅमॉवनं पुढे त्या पेटीचं एक लुटुपुटीचं मॉडेल बनवून दिलं, स्प्रिंग आणि काट्यासकट. कोपनहेगनच्या बोर इन्स्टिट्यूटमध्ये ते होतं.

बोरनं एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नाही, आणि त्याच्या प्रश्नासाठी तिची गरजही नव्हती: पेटीचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण. ते धरलं गॅमॉवच्याच लेनिनग्राडच्या टोळक्यातल्या एकानं. या मुलांनी आपल्या गटाला ‘जॅझ बँड’ असं नाव दिलं होतं. गॅमॉव, लांदाऊ, इव्हानेन्को, आणि चष्मा लावणारा, सतत वाचणारा मात्व्हेई ब्रॉनस्टाइन.

ब्रॉनस्टाइनचं काम समजून घ्यायला एक पायरी मागे जावं लागतं. १९३३ मध्ये बोर आणि रोझेनफेल्ड यांनी एक किचकट प्रश्न सोडवला होता: विद्युतक्षेत्र क्वांटम आहे असं म्हणतो, तर ते एखाद्या ठिकाणी मोजता तरी येतं का? त्यांचं उत्तर, येतं. एक भारित कण ठेवा, तो किती ढकलला जातो ते बघा. बघताना त्याला धक्का लागतो, त्यानं मोजणी बिघडते. पण कण पुरेसा जड घेतला की धक्क्याचा परिणाम हवा तितका कमी होतो. भार वेगळा, वस्तुमान वेगळं, दोन्ही आपल्या हातात.

ब्रॉनस्टाइननं हाच प्रश्न गुरुत्वक्षेत्राला विचारला आणि ताबडतोब तो अडला. इथे कण जड घेता येत नाही. गुरुत्वाकर्षणात वस्तुमान हाच भार. कण जड केला की जे मोजायचं तेच क्षेत्र तो बिघडवतो, आणि लहानशा जागेत फार जड केला तर त्याची त्रिज्या त्याच्या गुरुत्वत्रिज्येपेक्षा (जिच्या आत कोंबलं की कृष्णविवर होतं, तिच्यापेक्षा) कमी व्हायला लागते, जे चालणारच नाही. आणि वस्तुमान हाच भार असणं ही काही किरकोळ बाब नाही. तेच तर समतुल्यतेचं तत्त्व: मोठा धोंडा आणि लहान खडा एकाच वेगानं पडतात, हे. आइन्स्टाइननं आपला सगळा सिद्धांत ज्या खांबावर उभा केला, तोच खांब त्या सिद्धांतातल्या ‘अमुक बिंदूवरचं क्षेत्र’ या कल्पनेच्या आड येतो. गेल्या शतकातल्या भौतिकशास्त्रात याहून धारदार युक्तिवाद मला फार थोडे माहीत आहेत, आणि तो करायला फक्त तीन-चार ओळींचं बीजगणित लागतं.

या कामावरच्या त्याच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा १९३५ च्या नोव्हेंबरात झाली, परीक्षक होते फॉक आणि टाम. लेख छापला गेला १९३६ मध्ये. त्यात ब्रॉनस्टाइन म्हणतो की रीमानची भूमिती, म्हणजे व्यापक सापेक्षता ज्या वक्र अवकाशाच्या गणितावर उभी आहे तीच, सोडावी लागेल, आणि कदाचित अवकाश आणि काळाच्या आपल्या नेहमीच्या कल्पनाही सोडून त्यांच्या जागी काही अधिक खोल, सहज न सुचणाऱ्या कल्पना आणाव्या लागतील. आणि त्याला जोडून, भौतिकशास्त्राच्या लेखात, ग्रिम बंधूंच्या परीकथेतली शेवटची ओळ जर्मनमध्ये: ज्याचा विश्वास बसत नसेल त्यानं एक टालर द्यावा.

परीकथा त्याला जवळची होती. तो मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहायचा; हेलियमच्या शोधावरचं त्याचं पुस्तक, सूर्यात आधी सापडलेल्या आणि मग पृथ्वीवर मिळालेल्या त्या वायूची गोष्ट, अजूनही वाचलं जातं. १९३७ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडलं. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी गोळी घातली. वय ३१. त्याची बायको, लेखिका लिडिया चुकोव्स्काया हिला सांगण्यात आलं, दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराचा अधिकार नाही. त्या काळी या वाक्याचा अर्थ काय असतो हे लोकांना हळूहळू कळत गेलं. त्याचा लेखही त्याच्याबरोबर गेल्यासारखाच झाला. पुढची वीस वर्षं या विषयाकडे फारसं कोणी गंभीरपणे पाहिलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. वजन नसलेलं घड्याळ काढून घेतलं तर दोन्ही सिद्धांतांचं काय होईल?

व्यापक सापेक्षतेचं काय होईल याचा अंदाज त्या मानानं सोपा आहे, कारण ती स्वतःच आपण कुठे मोडतो ते सांगते. १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण छापलं. अवकाश-काळात शेजारी-शेजारी चाललेल्या वाटा गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकींकडे कशा ओढल्या जातात, त्याचं. त्यावर बांधून पेनरोझनं १९६५ मध्ये आणि नंतर हॉकिंगनं दाखवलं की कृष्णविवरात आणि विश्वाच्या आरंभी या वाटा तुटल्याशिवाय राहत नाहीत. घड्याळ चालता चालता संपतं. बिघडून बंद पडत नाही. त्याच्यासाठी पुढचा क्षणच नसतो. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. बऱ्याच लोकांना हे विश्वाचं मोठं गूढ वाटतं. माझ्या मते गणितात शून्यानं भागल्यावर कॅल्क्युलेटर जे दाखवतो, त्याहून त्यात फार काही नाही. सिद्धांत आपली हद्द सांगतोय.

या हद्दीपलीकडे जाणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचं. अभय अष्टेकर जन्मले धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला. शिकागोत डॉक्टरेट केली आणि १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण जुन्या चलांत ती समीकरणं क्वांटमच्या भाषेत मांडायला गेलं की हात टेकावे लागत होते. नव्या चलांत ती विद्युतचुंबकत्वाच्या आणि अणुकेंद्रातल्या बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली, आणि तिथली सगळी हत्यारं इथे चालवता आली. त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली, कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांच्या हातभारानं. तिच्यात क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही, एका किमान तुकड्याला येऊन थांबतं. २००६ मध्ये अष्टेकर, पावलॉव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हे विश्वाच्या आरंभाला लावून बघितलं. घनता प्लँक घनतेच्या साधारण ०.४१ पटीला पोचली की गुरुत्वाकर्षण ओढायच्या ऐवजी ढकलायला लागतं. आकसत आलेलं विश्व उसळी घेतं. रायचौधुरींच्या वाटा तुटत नाहीत, दुसऱ्या बाजूला निघून जातात.

हे गणित मला आवडतं, पण त्याच्यावर जीव टाकायला मी तयार नाही. ते सगळीकडे एकसारखं, गुळगुळीत विश्व गृहीत धरून केलेलं आहे, आणि आपलं विश्व तसं नाही. कण म्हणजे इवल्या कंप पावणाऱ्या तारा असं मानणाऱ्या स्ट्रिंगवाल्यांची बाजूही हलकी नाही: १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी काही खास प्रकारच्या कृष्णविवरांच्या अंतर्गत अवस्था अक्षरशः मोजल्या, आणि ती मोजदाद कृष्णविवराच्या एंट्रॉपीच्या, म्हणजे आतल्या शक्य अवस्थांच्या मापाच्या, बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्राशी जुळली. पण कोणाचंही काहीही आकाशात पडताळून झालेलं नाही.

क्वांटम सिद्धांताचं काय होईल हे मात्र कमी बोललं जातं, आणि माझं कुतूहल तिकडे अधिक. इथे ब्राइस डीविटचं नाव येतं. हार्व्हर्डला श्विंगरच्या हाताखाली गुरुत्वाकर्षणावरच प्रबंध लिहून हा तरुण १९५१-५२ मध्ये मुंबईत आला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर). संस्था तेव्हा कुलाब्याच्या टोकाला गेलेली नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. त्यानं १९६७ मध्ये सगळ्या विश्वासाठी क्वांटम समीकरण लिहिलं, जॉन व्हीलरच्या आग्रहावरून. आज ते दोघांच्या नावानं ओळखलं जातं. त्या समीकरणात काळ नाही. टंकलेखनात राहून गेलाय असं नाही. गणितच त्याला हाकलून देतं. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कारण विश्वाला भिंत नाही, आणि काय उरलं तर एक स्थिर चित्र. डीविट स्वतः पुढे या समीकरणावर वैतागूनच असायचा.

मग आपल्याला काळ जातो असं का वाटतं? डॉन पेज आणि विल्यम वूटर्स यांनी १९८३ मध्ये एक तोड सुचवली. विश्वाचाच एक तुकडा घड्याळ म्हणून धरा. पूर्ण चित्र स्थिर असू दे. पण घड्याळाचा काटा इथे असताना बाकीचं जग कसं, आणि तिथे असताना कसं, असं विचारलं की बदल दिसतो. दोघांमधला क्वांटम गुंता, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याशिवाय सांगताच न येणं, हाच काळ. तुरिनमध्ये २०१३ साली दोन फोटॉन घेऊन याची छोटी प्रतिकृती करून दाखवली: एक फोटॉन घड्याळ, दुसरा जग, आतून पाहणाऱ्याला बदल दिसतो, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच हलत नाही. त्यानं सिद्ध काही होत नाही, पण कल्पना वेडगळ नाही इतकं कळतं. हे खरं मानलं तर श्रोडिंजरचं समीकरण, म्हणजे क्वांटम अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं, मूळ नियम राहत नाही. घड्याळ पुरेसं मोठं आणि चांगलं असताना चालणारा एक अंदाज ठरतो. क्वांटमवाल्यांना हे मान्य करणं जड जातं. व्यापक सापेक्षता दुरुस्त करायची हे त्यांना पटतं. आपल्या घरात हात घालायचा म्हटलं की कुरकुर सुरू होते.

(इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ‘काळ भास आहे हे आपल्या ऋषींनी आधीच सांगितलं होतं’ असे फॉरवर्ड मला दर आठवड्याला येतात. ऋषींबद्दल आदर ठेवूनही सांगतो, वरच्या परिच्छेदाचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. वरच्या परिच्छेदात चूक शोधायची तर ती गणितात शोधता येते.)

एक तिसरी वाट पुण्यातून गेली. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले थाणू पद्मनाभन अनेक वर्षं सांगत होते की प्रश्नच चुकीच्या टोकानं धरलाय. त्यांची सुरुवात उष्णतेपासून. बोल्ट्झमानचं म्हणणं होतं की एखादी वस्तू तापवता येत असेल तर तिला सूक्ष्म रचना असलीच पाहिजे. ऊर्जा साठवायला आत काहीतरी हलायला हवं. आणि अवकाश तापतं. कृष्णविवराला तापमान असतं हे हॉकिंगनं १९७४ मध्ये दाखवलं. निव्वळ पोकळीतून त्वरणानं जाणाऱ्यालाही ती पोकळी कोमट लागते हे अनरूहनं १९७६ मध्ये. (एक केल्विन इतकी ऊब हवी तर त्वरण लागतं २.५ गुणिले १० चा २० वा घात मीटर प्रति सेकंद वर्ग, तेव्हा शाल घरी ठेवून निघू नका.) १९९५ मध्ये टेड जेकबसननं उष्मागतिकीच्या नियमांतून आइन्स्टाइनची समीकरणं काढून दाखवली, आणि पद्मनाभन यांनी ही दिशा पुढे कितीतरी लांबवर नेली. त्यांच्या मांडणीत आइन्स्टाइनची समीकरणं पाण्याच्या प्रवाहाच्या समीकरणांच्या जातीची ठरतात. ती घेऊन त्यांना क्वांटम करत बसलात तर रेणू सापडणार नाहीत. लाटांचे पुंज सापडतील, इतकंच.

सप्टेंबर २०२१ मध्ये पद्मनाभन पुण्यात अचानक गेले, ६४ व्या वर्षी. त्यांचा मार्ग शेवटी बरोबर निघेल का, सांगता येत नाही, कारण अवकाशाचे ते ‘अणू’ कसे असतात हे त्या मांडणीतून निघत नाही. पण त्यांचं वाचताना मला नेहमी वाटायचं की या विषयातल्या बहुतेकांना उत्तर हवंय आणि यांना प्रश्न नीट हवाय.

आता प्रयोग. आजवर सगळा रोख प्लँक लांबीवर होता, आणि ती तर कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर. अंतराळातल्या फर्मी दुर्बिणीनं २००९ मध्ये एक नामी गोष्ट केली: ७०० कोटी प्रकाशवर्षांहून दूरच्या एका गॅमा किरणस्फोटातला ३१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदभराच्या आत पोचला. प्लँक लांबीच्या खडबडीतपणामुळे जास्त ऊर्जेचे फोटॉन रेंगाळतील अशी काहींची कल्पना होती. इतक्या प्रवासात तो रेंगाळला नाही. निदान तशा सरळसोट प्रकारचा खडबडीतपणा निकालात निघाला.

पण ते २२ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्लँक वस्तुमान? ते कुठल्याही टोकाला नाही. मिठाच्या बारीक कणाहून हलकं, सूक्ष्मदर्शकाखाली आरामात दिसणारं. लोक प्लँक लांबीचा एवढा गवगवा करतात आणि हा तिसरा भाऊ रोजच्या जगात बसलाय याकडे लक्ष देत नाहीत. व्हिएन्नात २०२१ मध्ये सोन्याच्या एका गोळीचं गुरुत्वाकर्षण मोजलं गेलं. गोळी दोन मिलिमीटर व्यासाची, वजन सुमारे ९० मिलिग्रॅम. त्याच शहरात २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंचे रेणू, वस्तुमान २५,००० अणुवस्तुमान-एककांच्या वर, एकाच वेळी दोन वाटांनी पाठवून दाखवले होते. एका प्रयोगाचं गुरुत्वाकर्षण दिसतं, दुसऱ्याचं क्वांटमपण. दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानात फरक अठरा शून्यांचा, आणि प्लँक वस्तुमान मधल्या पट्ट्यात. दोन्ही बाजूंनी बोगदा खणत येणाऱ्या टोळ्या एक दिवस समोरासमोर येतील, तशी ही परिस्थिती आहे.

समोरासमोर आल्यावर काय करायचं हे फाइनमननं १९५७ मध्येच सांगून ठेवलं होतं, अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या परिषदेत, जी डीविट दांपत्याच्या खटपटीतून भरली होती. एक गोळी एकाच वेळी दोन जागी असेल अशी ठेवा. तिचं गुरुत्वाकर्षण कुठल्या जागेकडे ओढेल? दोन्हीकडे, की सरासरीकडे, की गोळीच एक जागा निवडून मोकळी होईल? २०१७ मध्ये सुगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो व व्हेड्रल यांनी, याला प्रयोगाचं रूप दिलं. दोन छोट्या गोळ्या, प्रत्येक पाव मिलिमीटर अंतरावरच्या दोन जागी एकदम, शेजारी-शेजारी काही सेकंद. मध्ये गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं काही नको. शेवटी त्या एकमेकींत क्वांटम अर्थानं गुंतल्या असतील, तर गुरुत्वाकर्षणालाही एकाच वेळी दोन आकार घेता येतात असं मानावं लागेल. गोळीचं वजन हवं १० चा उणे १४ वा घात किलोग्रॅम, म्हणजे २०१९ च्या त्या रेणूंच्या काही कोटी पट. सोपं नाही. पण प्लँक लांबी दाखवणारा कण-त्वरक बांधण्याच्या तुलनेत हे माणसाच्या हातातलं काम आहे.

आणि घड्याळांचं म्हणाल तर तीही काट्यावर चढायला लागली आहेत. २०१० मध्ये दोन अणुघड्याळांतला एक फुटाच्या उंचीचा फरक कळला होता. २०२२ मध्ये बोल्डरच्या प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियमच्या अणूंच्या एकाच ढगात, एका मिलिमीटरच्या आत, वरच्या आणि खालच्या भागाची गती वेगळी असल्याचं मोजलं गेलं. बोरच्या टांगलेल्या पेटीतलं ते सूत्र, आता तांदळाच्या दाण्याहून लहान अंतरावर. व्हिएन्नातल्याच तिघांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं आहे की दोन क्वांटम घड्याळं शेजारी ठेवली तर एकाच्या अचूकपणामुळे दुसऱ्याची गती धूसर व्हायलाच हवी: ऊर्जेचा पसारा, वजनाचा पसारा, गतीचा पसारा. परिणाम आजच्या मोजमापांच्या कितीतरी खाली आहे.

निकाल कसाही लागो, कोणाला तरी सोडावं लागणार. गोळ्या गुंतल्या तर एका जागी एकच ठाम घड्याळ ही आइन्स्टाइनची कल्पना गेली, कारण दोन जागी असलेल्या गोळीशेजारचं घड्याळ एकदम दोन गतींनी चालेल. सगळी काळजी घेऊनही गुंतल्या नाहीत, तर क्वांटम सिद्धांताला आपली सीमा मान्य करावी लागेल. पेनरोझ कितीतरी वर्षं हेच म्हणतायत, की पुरेशा वजनाच्या गोष्टी दोन जागी टिकूच शकत नाहीत, गुरुत्वाकर्षण त्यांना एका जागी बसवतं. लंडनचा जोनाथन ऑपनहाइम आणखी वेगळ्या वाटेनं जातो: गुरुत्वाकर्षण क्वांटम नाहीच, मात्र त्यात मुळातच यदृच्छा आहे. त्याची रोव्हेली आणि जेफ पेनिंग्टन यांच्याशी पैज लागलेली आहे, भाव पाच हजाराला एक. गुरुत्वाकर्षण क्वांटम निघालं तर ऑपनहाइमनं एक द्यायचा; नाही निघालं तर त्या दोघांनी पाच हजार.

मला विचाराल तर मीही रोव्हेलींच्या बाजूनं लावेन. पण पाच हजाराला एक या भावानं नाही. वीसाला एक असेल तर बसून बोलू.